आंग्रिया बँक ते पाचगणी: डाइव्हनंतर चढलेल्या घाटाचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय २७, प्राणिशास्त्रात एम.एस्सी., प्रवाळांच्या सर्वेक्षणात क्षेत्रसहायक. डाव्या खांद्यात आणि कोपरात खोलवर ठणका, पोटावर निळसर-लाल चट्टे, डाव्या मांडीला बधिरपणा. साताऱ्यात माझ्याकडे आला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'क्रेट उचलल्याने स्नायू आखडला, अंगावर अ‍ॅलर्जी.' आदल्या दिवशी दुपारी एक वाजता हा मुलगा अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून आत, २४ मीटर खोल पाण्यातून वर आला होता, हे चिठ्ठीत नव्हतं. कारण ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे लिहितो आहे. एक तर घाटमाथ्यावरच्या डॉक्टरांसाठी, आणि दुसरं म्हणजे समुद्रात कामाला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या मोहिमा आखणाऱ्यांसाठी. साताऱ्या-सांगलीच्या डायव्हरची डाइव्ह पाण्याबाहेर आल्यावर संपत नाही. घरी जायचा घाट हा त्या डाइव्हचाच भाग असतो, आणि मोहिमेच्या वेळापत्रकात तो धरलेला नसतो.

समुद्रावरचे दिवस

आंग्रिया बँक विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पठार पूर्ण पाण्याखाली आहे. तिथं बेट नाही, वर आलेला खडक नाही, पुळण नाही. सर्वात उथळ जागीही डोक्यावर २० मीटरच्या आसपास पाणी. लक्षद्वीपला प्रवाळांचं काम करणारे निदान संध्याकाळी जमिनीवर परततात, लगूनच्या, म्हणजे प्रवाळांच्या कड्याआतल्या, उथळ पाण्यातही त्यांना बरंच काम करता येतं. आंग्रियावर झोपणं, जेवणं, टँक भरायचा कॉम्प्रेसर, सगळं एका बोटीवर. आणि उथळ पाणी नसल्यामुळे प्रत्येक डाइव्ह खोल.

खोल म्हणजे किती, हे समजून घेणं या प्रकरणात महत्त्वाचं आहे. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. २४ मीटरवर तो ३.४ वातावरण होतो आणि त्या दाबानं श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत राहतो. रक्तात तो काही मिनिटांत भरतो, कूर्चा आणि अस्थिबंधांसारख्या कमी रक्तपुरवठ्याच्या जागी हळूहळू भरतो आणि तिथून निघायलाही तास न् तास घेतो. त्यामुळे साधी हवा घेऊन २४ मीटरवर गेलं, आणि वर येताना नायट्रोजन बाहेर पडू देण्यासाठीचे सक्तीचे थांबे टाळायचे असतील, तर तळाशी साधारण अर्धा तास मिळतो. तोही दिवसाच्या पहिल्या डाइव्हला. दुसरीला त्याहून कमी.

त्या अर्ध्या तासात करायचं काय, तर ५० मीटरची टेप तळावर अंथरायची, ठरावीक अंतरावर चौकट ठेवायची, प्रत्येक चौकटीचा वरून सरळ फोटो काढायचा, प्रवाह असेल तर पाय मारत जागा धरून ठेवायची, टेप गुंडाळायची आणि वर यायचं. फोटोंतल्या प्रवाळांची मोजणी नंतर संगणकावर होते. पर्यटकाची डाइव्ह आणि ही डाइव्ह यांत मोठा फरक आहे. कष्टाचं काम करताना श्वास आणि रक्ताभिसरण वाढतं, तसा नायट्रोजनही जास्त शोषला जातो.

मग हे करायचं कशासाठी? समुद्र नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद-दुसरा अंश जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, की प्रवाळ आपल्या शरीरातली अन्न बनवणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १५ एप्रिल २०२४ ला अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं जगभरातलं चौथं मोठं विरंजन, म्हणजे असं पांढरं पडणं, जाहीर केलं, आणि त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. लक्षद्वीपबद्दल आपण काही ठामपणे बोलू शकतो, कारण संशोधक १९९८ पासून त्याच त्या जागी परत परत बुडी मारून मोजत आले आहेत. जिवंत प्रवाळांचं आच्छादन तेव्हा ३७ टक्क्यांच्या आसपास होतं, २०२२ पर्यंत ते १९ टक्क्यांच्या आसपास आलं. उपग्रहाला पाण्याचं तापमान दिसतं, पण २४ मीटरवरचा अमुक एक प्रवाळ जिवंत आहे का, ते बघायला माणूसच खाली जावा लागतो. म्हणून या मुलांचं काम मला फार मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच त्यातलं एकही असं गाफीलपणी जायबंदी होऊ नये, असंही.

हा मुलगा चार दिवस रोज दोन-दोन डाइव्ह करत होता. खोली आणि वेळेवरून नायट्रोजनचा हिशेब ठेवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरनं एकदाही मर्यादा ओलांडल्याचा इशारा दिला नव्हता. प्रत्येक वेळी ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप घेतलेला. शेवटचे दोन दिवस बोट लागून उलट्या झाल्या होत्या आणि पाणी पोटात टिकत नव्हतं, एवढी एक गोष्ट सोडली तर नियमात बोट ठेवायला जागा नाही.

मोहिमेच्या कागदावर एक ओळ होती: शेवटची डाइव्ह आणि विमानप्रवास यांत २४ तासांचं अंतर. गोव्याहून विमानानं जाणारे दोघे त्यामुळे विजयदुर्गला मुक्कामी थांबले. रस्त्यानं जाणाऱ्यांबद्दल कागद गप्प होता.

घाट

घरी स्ट्रॉबेरीचा तोडा ऐन भरात होता, मजूर मिळत नव्हते, वडिलांचे फोनवर फोन. बोट रात्री नऊला धक्क्याला लागली आणि अर्ध्या तासात गाडी निघाली. तळेरे, वैभववाडी, आणि तिथून घाट चढून गगनबावडा. समुद्रसपाटीवरचा माणूस दोनेक तासांत सहाशे मीटरच्या आसपास वर आला. शेवटच्या डाइव्हला तेव्हा साडेदहा तास झाले होते.

कोल्हापूरला चहाला थांबले तेव्हा डावं कोपर भरून आल्यासारखं वाटलं आणि पोटाला खाज सुटली. गाडीत अवघडून बसल्यामुळे असेल, बोटीवर खाल्लेल्या माशामुळे असेल, असं म्हणून विषय संपला. पहाटे तीनला साताऱ्यात बहिणीकडे. सातारा साधारण सातशे मीटरवर. थोडी झोप घेऊन सकाळी वाई आणि पसरणी घाटातून पाचगणीच्या पुढे, साधारण १२५० मीटरवर, घरी.

पसरणी घाट चढताना गाडीतली वेफर्सची पाकिटं फुगून टम्म होतात, हे आपल्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. १२५० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे १४ टक्के कमी असतो, म्हणून आतली हवा पसरते. शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायच्या आतच बाहेरचा दाब उतरला, तर त्याचे बुडबुडे धरतात. आधीच धरलेले असतील तर ते मोठे होतात आणि नवे भर घालतात. या मुलाच्या बाबतीत पहिला घाट चढताना सुरुवात झाली असावी आणि दुसऱ्यानं ती वाढवली, असं माझं मत आहे. कोल्हापूरचं कोपर ही पहिली खूण होती.

घरी पोचल्या पोचल्या त्यानं क्रेट उचलायला सुरुवात केली. तासाभरात खांदा असा दुखायला लागला की हात कुठल्याही बाजूला ठेवून बरं वाटेना. जवळच्या दवाखान्यात वेदनाशामक इंजेक्शन आणि अ‍ॅलर्जीची गोळी मिळाली. तिथल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. क्रेट उचलणारा तरुण, खांदा दुखतोय, शेतात औषध फवारलेलं, अंगावर चट्टे. समोर दिसत होतं त्यावरून कुणीही तेच लिहिलं असतं. पण थोड्या वेळानं जिना उतरताना त्याचा डावा पाय लटपटला आणि वडिलांनी त्याला गाडीत घालून साताऱ्याला आणलं.

तपासणी

नाडी ९६, बी.पी. ठीक, ताप नाही. डावा खांदा दुखतोय म्हणून आधी ईसीजी काढला, तो नॉर्मल. मग खांदा तपासला, आणि तिथंच गणित जुळेना. स्नायू आखडला असेल तर दाबल्यावर किंवा ठरावीक हालचालीला कळ येते. इथं दाबून काही होत नव्हतं, हात मी हलवला तरी फरक नव्हता, आणि तो मात्र 'आत हाडात ठणकतंय' म्हणत होता. पोटावरचे चट्टेही पित्त उठल्यासारखे उंचावलेले नव्हते. कातडीखाली जाळी दिसावी तशी निळसर नक्षी होती.

वडील म्हणाले, "पाचगणीत लई वरडत होता. वाईला उतरलो तसं जरा बरं म्हणाला." दुखणं इंजेक्शननं कमी झालं असेल असं त्यांना वाटत होतं. माझं लक्ष मुलाच्या मनगटाकडे गेलं. जाड पट्ट्याचं, वाटीएवढं काळं घड्याळ, आणि त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात विमानाचं बारीक चित्र.

"हे कसलं घड्याळ?"

"डाइव्ह कॉम्प्युटर आहे, सर. काढायचं राहून गेलं."

ऐन उमेदीची काही वर्षं मी नौदलात वैद्यकीय अधिकारी होतो, त्यामुळे ते चित्र काय सांगतं हे मला माहीत होतं. शरीरातला नायट्रोजन अजून उतरलेला नाही, विमानात बसू नका. ते चित्र त्याच्या हातावर गगनबावड्यालाही होतं आणि पसरणी घाटातही. पण माणूस गाडीत बसलेला असताना विमानाचं चित्र कोण मनावर घेणार?

पुढचे प्रश्न दोन मिनिटांत झाले. शेवटचा वर कधी आलास, किती खोल, किती दिवस, घाट किती वाजता चढलास. मग बी.पी.चा कफ त्याच्या कोपराभोवती गुंडाळून फुगवला. काटा दीडशेच्या पुढे गेला तसा तो म्हणाला, "आता कमी वाटतंय." हवा सोडली, ठणका परत आला. बाहेरच्या दाबानं बुडबुडा दबतो म्हणून असं होतं. ही जुनी खूण आहे; ती मिळाली तर निदानाला बळ मिळतं, पण मिळाली नाही म्हणून आजार नाही असं समजू नये.

खरी काळजी पायाची होती. डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढ्या भागात टाचणीचं टोक कळत नव्हतं. एका पावलापुढे दुसरं लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर चौथ्या पावलाला तोल गेला. लघवी व्यवस्थित होत होती. म्हणजे नुसता सांध्यांचा त्रास नव्हता, मज्जासंस्थेपर्यंत गोष्ट गेली होती. विसंपीडन विकार, डायव्हर ज्याला बेंड्स म्हणतात तो. छातीचा एक्स-रे काढून फुप्फुस फाटलेलं नाही याची खात्री केली आणि रिझर्व्होयर बॅगच्या मास्कनं मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सुरू केला. सपाट झोपवलं, रिंगर लॅक्टेटचं सलाईन लावलं. ग्लुकोजचं सलाईन इथं टाळायचं असतं, आणि वेदनेसाठी नायट्रस ऑक्साइड मिसळलेला वायू तर अजिबात द्यायचा नसतो; तो बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो.

शुद्ध ऑक्सिजनचं काम दुहेरी आहे. फुप्फुसात नायट्रोजन येणं थांबतं, त्यामुळे शरीरातला भराभर बाहेर पडतो. आणि बुडबुड्यांनी रक्त अडवलेल्या पेशींना प्राणवायू मिळतो. अर्ध्या तासात खांद्याचं दुखणं निम्म्यावर आलं. धोक्याची वेळ हीच असते.

"आता बराय म्हणतोय की डॉक्टर. मग मुंबईला कशाला?" वडिलांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. घरी माल तोडून पडलेला, मुंबईचा खर्च, आणि मुलगा तर हसून बोलतोय. मी त्यांना मांडीवर टाचणी लावून दाखवली. दुखणं कमी झालं तरी बधिरपणा तसूभर हललेला नव्हता. मणक्यातल्या मज्जारज्जूला झालेली इजा वेळेत दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद कक्षात, उपचार मिळाले नाहीत तर कायमची राहू शकते, आणि ऑक्सिजन काढला की दुखणं उलटू शकतं. ते एवढंच म्हणाले, "गाडी कुठली बघायची ते सांगा."

ऑक्सिजनचं गणित आणि रस्ता

डायव्हरच्या आजारांची माहिती असलेल्या जुन्या सहकाऱ्याशी फोनवर बोललो आणि मुंबईत दाबकक्ष व त्यासाठीचे तज्ज्ञ तयार आहेत याची खात्री करून घेतली. नुसता कक्ष असून भागत नाही. जखमा भरण्यासाठी वापरले जाणारे एका माणसाचे कक्ष अनेक शहरांत झालेत, पण या आजाराचे पूर्ण लांबीचे उपचार प्रत्येक ठिकाणी होतात असं नाही. आधी फोन, मग गाडी.

नात्यातल्या कुणीतरी हेलिकॉप्टरचं काढलं. अशा रुग्णाला हवेतून नेणं भागच असेल तर तीनशे मीटरच्या आत उडावं असा संकेत आहे. साताऱ्यात जमीनच सातशे मीटरवर. म्हणजे रस्ताच. मुंबई साधारण २५० किलोमीटर. पुण्याकडे जाताना खंबाटकीला बोगदा लागतो तरी चढ चुकत नाही, पुढे कात्रज, मग खंडाळा. कराडहून कुंभार्लीनं चिपळूणला उतरून किनाऱ्याच्या रस्त्यानं जायचं तर आधी घाटमाथा चढावाच लागतो आणि वेळ कितीतरी जास्त. आपल्या भागातून समुद्रसपाटीला जाणारी प्रत्येक वाट आधी थोडी चढते. तेव्हा जवळचा रस्ता आणि वाटभर अखंड ऑक्सिजन, असं ठरवलं.

आणि इथं सगळ्यांची धावपळ झाली. पुण्याची गर्दी धरून सहा तास. मिनिटाला १५ लिटर म्हणजे ५४०० लिटर ऑक्सिजन. रुग्णवाहिकेत बी टाइप सिलिंडर होता. त्यात १५०० लिटर, म्हणजे शंभर मिनिटं. तो पुण्याच्या अलीकडे-पलीकडे संपला असता. तसे चार लागले असते, तेही पूर्ण भरलेले. शेवटी आमच्या वॉर्डातला जंबो सिलिंडर काढला. ७००० लिटरचा, पावणेआठ तास पुरणारा. तो स्ट्रेचरशेजारी आडवा ठेवून पट्ट्यांनी बांधला, ऑक्सिजनचा प्रवाह ठरवणारा एफए व्हॉल्व आणि चावी सोबत दिली, आणि बी टाइप राखीव ठेवला. ब्रदरला एकच सूचना होती: मास्क पाणी पाजण्यापुरता काढायचा, फ्लो कमी करायचा नाही. 'सॅच्युरेशन ९९ दिसतंय, कशाला वाया घालवायचा' म्हणून फ्लो कमी करायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, आणि इतर आजारांत ती योग्यच आहे. इथं ऑक्सिजन सॅच्युरेशनसाठी नसतो, नायट्रोजन हाकलण्यासाठी असतो.

गाडीत चढवताना मुलानं मास्क बाजूला करून बहिणीला सांगितलं, "बॅगेतली हार्ड डिस्क घरी ठेवू नको, सरांकडे पोचव." फोटोंची दुसरी प्रत अजून झालेली नव्हती.

पुढे

संध्याकाळी त्याला कक्षात घेतलं. अमेरिकन नौदलाच्या तक्त्यानुसार १८ मीटर खोलीइतका, म्हणजे २.८ वातावरण दाब, त्यात वीस-वीस मिनिटं शुद्ध ऑक्सिजन आणि मध्ये पाच-पाच मिनिटं साधी हवा, मग दाब ९ मीटरइतका उतरवून तास-तासभर ऑक्सिजन आणि त्याआधी पंधरा-पंधरा मिनिटं हवा. एकूण पावणेपाच तास. खांदा पहिल्याच वीस मिनिटांत मोकळा झाला. तोल दुसऱ्या दिवशीच्या उपचारानंतर सुधारला. मांडीवरचा बधिर भाग आकसत आकसत तीन आठवड्यांनी गेला. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्मतःचं छिद्र साधारण चारातल्या एका माणसात उघडं राहिलेलं असतं आणि त्यातून बुडबुडे शिरांतून थेट धमन्यांत जाऊ शकतात, म्हणून तीही तपासणी झाली. त्याला ते नव्हतं. सहा महिने पाण्यात उतरायला बंदी मिळाली आणि त्यानंतर पुन्हा तपासणी.

डाइव्हनंतर उंचीवर जाण्याबद्दलचे प्रचलित संकेत असे: थांबे न लागणाऱ्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, रोज अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास, सक्तीचे थांबे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. हे विमानासाठी म्हणून सांगितले जातात, पण ते साधारण ६०० मीटरच्या वरच्या कुठल्याही उंचीला लागू आहेत, मग तिथं विमानानं जा की एस.टी.नं. अमेरिकन नौदलाच्या नियमावलीत तर उंचीनुसार वेगळा तक्ताच आहे आणि तो ३०० मीटरपासून सुरू होतो. मुंबई, पणजी, कोचीच्या डायव्हरला घरी जाताना याची गरज पडत नाही, म्हणून प्रशिक्षणात घाटाचा विषय ओझरता होतो. कोल्हापूर, सातारा, पुणे, बेळगावच्या माणसाला मात्र तो दर वेळी लागतो.

मालवणला सहा-सात मीटरवर एकदा स्कुबा करून आलेल्या पर्यटकांनी हे वाचून घाबरू नये. एवढ्या उथळ एका डाइव्हनं असा आजार होणं फार दुर्मीळ आहे. त्यांनीही रात्र किनाऱ्यावर काढून दुसऱ्या दिवशी आंबोली चढली तर उत्तमच.

त्या गटाच्या प्रमुखांशी मी दोनदा बोललो. त्यांनी काहीही न झटकता वेळापत्रक बदललं. शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण २४ तास सगळ्यांचा मुक्काम किनाऱ्यावर, मग विमान असो वा जीप. टँक-रेग्युलेटर गोड्या पाण्यानं धुणं, फोटोंच्या दोन प्रती करणं, नोंदी तपासणं ही कामं मुद्दाम त्याच दिवशी ठेवली आहेत, म्हणजे तो दिवस फुकट गेला असं कुणाला वाटणार नाही. बोट लागून उलट्या झालेल्या माणसाला त्या दिवशी पाण्यात उतरवायचं नाही. बोटीवर ऑक्सिजनचा संच आता विजयदुर्गपर्यंतच्या आठ तासांना पुरेल एवढा असतो. आणि प्रत्येकाच्या खिशात मराठीत छापलेलं एक कार्ड, कुठल्याही गावातल्या डॉक्टरांच्या हातात देण्यासाठी: हा माणूस समुद्रात डायव्हिंग करून आला आहे, सांधेदुखी, चट्टे, बधिरपणा, चक्कर यांपैकी काहीही असेल तर सपाट झोपवून मास्कनं पूर्ण ऑक्सिजन द्या, आणखी उंचावर नेऊ नका, खालच्या क्रमांकावर फोन करा.

पाचगणीच्या त्या डॉक्टरांनाही मी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं की इथंच ऑक्सिजन लावून खाली पाठवलं असतं तर चाललं असतं का. चाललं असतं, तेच सर्वात योग्य झालं असतं. कार्डावर त्यांच्याच सांगण्यावरून एक ओळ वाढवली: वेदनाशामक दिल्यावर बरं वाटलं तरी रुग्णाला घरी सोडू नका.

मुलगा सध्या साताऱ्यातच आंग्रियाच्या फोटोंची मोजणी करतो. फेरतपासणीत मज्जासंस्थेचं काही शिल्लक दिसलं नाही तर पुढच्या हंगामात त्याला उथळ डाइव्हपासून सुरुवात करता येईल, असं तज्ज्ञांचं मत आहे. वडिलांनी त्याला अजून होकार दिलेला नाही.